संबंधितांनी लक्ष द्यावे

बाबांच्या तेरवीला मांडवात हशा झाला. चांगला खळखळून, मागच्या रांगेतल्या पोरांनाही काय झालं ते विचारावंसं वाटेल असा. उन्हं तापायला लागली होती, अंगणात हिरव्या जाळीचा मांडव होता, पहिली पंगत उठली होती आणि दुसरी बसायची होती. आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, कढी आणि बुंदी. तेरवीच्या बुंदीचं एक असतं, पहिला घास घशात अडकतो आणि दुसऱ्याच्या वेळी आपण नकळत वाढणाऱ्याकडे पाहतो. मी निंबाखाली पाण्याच्या कॅनजवळ उभी होते. कोणीतरी म्हणालं, "भाऊ लय मजाकी मानूस होता," आणि सतरंजीवर लोडाला टेकलेले लाइनमन काका एकदम ताठ बसले. "मजाकी? अरे भाऊनं माह्यावर पेपरात पत्र छापून आनलं होतं. मले तोंडपाठ हाय." मग त्यांनी वऱ्हाडी बाजूला ठेवली आणि शाळेतल्या पोरानं कविता म्हणावी तशा पुस्तकी सुरात सुरुवात केली. "माननीय संपादक, स. न. वि. वि. आमच्या गावची वीज ही पाहुणी आहे. ती येते तेव्हा आम्ही उठून उभे राहतो. कोणी मोटार लावतो, कोणी दळणाचा डबा घेऊन गिरणीकडे धावतो. ती टेकते न टेकते तोच निघते. चहासुद्धा घेत नाही."

इथंच हशा झाला. काका थांबले, हशा पिऊ दिला, पुढचं म्हणाले, पुन्हा हशा. आई आत ओसरीत बायकांत बसली होती. तिचा पदर तोंडाशी गेला आणि खांदे हलले, ते रडण्यानं की हसण्यानं मला कळलं नाही. काकांचा सूर चढत गेला. "आन शेवटची ओळ त..." म्हणत त्यांनी मांडीवर थाप मारली, पण त्यांनाच हसू आवरेना, हसण्याचा खोकला झाला, डोळ्यांत पाणी आलं, कोणीतरी गडवा पुढे केला, आणि तेवढ्यात "चला चला, पंगत बसली" अशी हाळी आली. उठता उठता ते माझ्याजवळ थांबले. हात धुवायला पाणी घेत म्हणाले, "माही बदली झाली व पोरी त्या ओळीपायी. उमरखेडच्या पल्याड. पन काय लिवलं होतं भाऊनं!"

पत्र मी लिहिलं होतं.

ते पंगतीला बसले, मी कॅनची तोटी बंद केली. पाणी केव्हाचं भरून वाहत होतं. सांगता आलं असतं, पण तेरवीला, बापाच्या फोटोपुढं, त्याला मिळालेली दाद कशी काढून घेणार? दुसरं कारण कबूल करायला जरा जड जातं. मला शेवटची ओळ आठवत होती. वीस वर्षं झाली तरी आठवत होती, कारण तेव्हा ती मला माझ्या आयुष्यातली सर्वात चांगली ओळ वाटली होती. 'आमचे लाइनमन वर्षातून एकदाच दिसतात, पोळ्याच्या दिवशी बोजारा मागायला. फरक इतकाच, की बैल उरलेले दिवस राबलेला असतो.' पोळ्याला बैल घरोघरी नेतात आणि घरधनी बोजारा म्हणून पैसे हातावर ठेवतो, हे आमच्याकडं कोणाला सांगावं लागत नाही. आणि माणसाला बैलापेक्षा खाली बसवलं, हेही कोणाला समजावून द्यावं लागत नाही. या ओळीनं एका माणसाचं बिऱ्हाड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं होतं, आणि तो माणूस ती हसत हसत म्हणायला निघाला होता.

पत्रं लिहिण्याचा नाद मला आबाजींनी लावला. आबाजी आमचे कोणी नव्हते आणि सगळ्या गावाचे आबाजी होते. दारव्हा आणि कारंज्याच्या मधलं आमचं गाव, आणि त्यांच्या घराच्या ओसरीत गावचं पोस्ट. एक टेबल, एक तराजू, एक लोखंडी पेटी, भिंतीला लाल डबा. सकाळी ते शिक्क्यातली तारीख बदलायचे, ते पाहायला आम्ही पोरं जमायचो. चिमट्यानं कालचा आकडा काढायचा, फुंकायचा, आजचा बसवायचा, शाईच्या गादीवर दोनदा टेकवायचा आणि आधी रद्दी कागदावर ठोकून पाहायचा. "आज झाला," असं ते म्हणायचे. त्यांनी ठोकल्याशिवाय गावात दिवस उगवायचा नाही, असं मला बरीच वर्षं वाटायचं. पहिल्या बसनं पेपरचा गठ्ठा यायचा, ड्रायव्हर तो बस पुरती न थांबवताच पानठेल्यापुढं टाकायचा. आबाजी पेपर उलटा उघडायचे. आधी निधन वार्ता, मग वाचकांची पत्रं, मग सोयाबीन-कापसाचे भाव, आणि पहिलं पान वेळ उरला तर.

स्वतः ते कार्डावर लिहायचे. १५ पैशांचं कार्ड होतं तेव्हाही, ५० पैशांचं झालं तेव्हाही. "कार्डावर जागा कमी रायते, म्हनून मानूस कामाचं बोलते," हे त्यांचं म्हणणं. कार्ड १८७९ साली पाव आण्याला निघालं, हे ते घरच्या माणसाच्या जन्मतिथीसारखं सांगायचे. उघडं कार्ड असल्यामुळं त्यांचं पत्र छापून येण्याआधीच वाटेत चार जणांनी वाचलेलं असायचं, आणि त्यातला एखादा हसला तर आबाजींना तेवढ्यात पत्राचं सार्थक झाल्यासारखं वाटायचं. रस्ता, नळ, बस, रोहयो, बोगस बियाणं, सगळ्यांवर लिहिलं. टपालखात्यावर मात्र ओळ नाही. "घरच्या देवाले कोन नाव ठेवते?"

त्यांचं गावात सर्वात गाजलेलं पत्र शकुंतलेवर होतं. शकुंतला म्हणजे आमची अडीच फुटी रुळांवरची झुकझुक गाडी, यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर चाललेली. आबाजींनी लिहिलं होतं: 'कालिदासाच्या नाटकात शकुंतला दुष्यंताची वाट पाहते. आमच्या दारव्हा मोतीबागच्या फलाटावर शंभर दुष्यंत शकुंतलेची वाट पाहतात. गाडीबाहेर हात काढू नये अशी सूचना आहे, पण बोरं पिकल्यावर ती पाळणं अवघड जातं.' हे वाचून कोणी गाडी वेगानं सोडली नाही. कोणाला तसं हवंही नव्हतं. गाडी पुढं बंद पडली तेव्हा याच पत्राचं कात्रण पानठेल्यावर काचेमागं लावलं होतं, आणि लोक ते तक्रार म्हणून नाही, आठवण म्हणून वाचत होते.

आबाजींचा आदर्श मोठा होता. लोकहितवादींनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रंच लिहिली, हे ते दर महिन्याला एकदा तरी सांगायचे. "नाव शतपत्रं, आन मोजली त एकशे आठ. मानूस मोठा, पन हिशेबाचा कच्चा." त्यांनाही एकशे आठ छापून आणायची होती. किती झाली ते विचारलं की पेटीकडं बोट दाखवायचे आणि विषय बदलायचे. आता वाटतं, लोकहितवादी हे उगाच लांबचं नातं लावलेलं होतं. खरं मूळ पोळ्याच्या तोरणाखाली होतं. बैल ओळीनं उभे राहिले की झडत्या, म्हणजे चिमटे काढणारी यमकं, सुरू व्हायच्या. सावकारावर, सरकारवर, सरपंचावर, समोर उभ्या सोयऱ्यावर. एका वर्षी एका पोट्ट्यानं टाकली होती: 'खांबावर तार, तारेवर कावळा, बिल भरू भरू झालो मी बावळा, एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!' ज्याच्यावर झडती पडली त्यानं रागवायचं नसतं, उलटी झडती टाकायची असते. आबाजींची कार्डं म्हणजे झडत्याच, फक्त तोरणाच्या जागी संपादक उभा केलेला. एक फरक मात्र मला फार उशिरा दिसला. तोरणाखाली समोरचा माणूस समोर असतो, त्याला उत्तर देता येतं. पेपरात त्याला उत्तर देता येत नाही. त्याला खुलासा द्यावा लागतो.

बाबांचं आणि आबाजींचं एकदा याच्यावरून बिनसलं होतं. मी सातवी-आठवीत असेन. १९७२ पासून आमच्याकडचा कापूस सरकारच घ्यायचं. बंडी घेऊन रात्र रात्र केंद्रावर नंबर लावायचा, कापूस मोजून द्यायचा, आणि चुकाऱ्याची, म्हणजे त्याच्या पैशांची, वाट पाहायची. त्या वर्षी चुकारा फारच लांबला. बाबांनी फुलस्केपच्या चार पानांवर पेपरला पत्र लिहिलं. क्विंटल, तारखा, पावती नंबर, सोसायटीचं व्याज, सगळं. कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, जसं छापलेल्या सूचनेत असतं तसं. ते आलं नाही. पंधरा दिवसांनी आबाजींचं कार्ड आलं, चौकटीत. 'आमच्या शेजाऱ्यानं मुलीचं लग्न चुकाऱ्याच्या भरवशावर ठरवलं. आता नवरदेवाकडचे विचारतात, आधी चुकारा येणार की बारसं?' गाव लोटपोट. बाबा दोन दिवस पोस्टाकडं फिरकले नाहीत. आईला म्हणाले, "माह्या चार पानाच्या हिशेबाले वाली नाई, आन याच्या बारशाले चौकट." तिसऱ्या दिवशी गेले, कारण पेपर तिथंच यायचा. पण ते वाक्य मी विसरले नाही. आणि खरं सांगायचं तर त्यातून मी चुकीचाच धडा घेतला. मला वाटलं, छापून यायचं असेल तर हसवावं लागतं. बाबांना त्यातलं काय दुखलं होतं, ते मी विचारलंच नाही.

पत्रांच्या त्या पानाला एक वास होता, शाईचा आणि शिळ्या संतापाचा. 'एक त्रस्त नागरिक' रोज असायचा. 'पत्रलेखकांच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही' ही ओळ खाली बारीक टाइपात असायची, आणि आबाजी म्हणायचे, घरात हेच वाक्य भिंतीवर लिहून ठेवलं असतं तर अर्धी भांडणं मिटली असती. मथळे ठरलेले. वीज गेली की 'विजेचा लपंडाव थांबवा'. रस्ता खचला की 'रस्त्याची दुरवस्था'. आणि शेवट कायम 'संबंधितांनी लक्ष द्यावे'. या संबंधिताचा आम्ही पोरांनी फार शोध घेतला. तो नळाचाही होता, बसचाही, धान्य दुकानाचाही. सगळीकडं एकच माणूस लक्ष देणार म्हणजे त्याचं लक्ष लागणार कुठं? आबाजींना विचारलं तर म्हणाले, "संबंधित म्हनजे जो जवळ सापडते तो." ते विनोद करत होते असं मला वाटलं.

माझं पत्र २००६ च्या संक्रांतीचं. मी बावीस वर्षांची, अमरावतीला एम. ए. करत होते, सुट्टीत घरी आलेली. भारनियमनाचे दिवस. दिवसातले बारा तास तरी लाइन नाही. शेताच्या मोटारीची थ्री फेज रात्री अकराच्या पुढं यायची, मग बाबा बॅटरी आणि काठी घेऊन गव्हाला पाणी द्यायला वावरात जायचे. ते परत येईपर्यंत आई जागी. कंदिलाची काच राखेनं पुसून पुसून धुरकट झालेली, तिच्यात आमचे सगळ्यांचे चेहरे पिवळे. मधेच लाइन यायची, घरातली सगळी बटनं चालू राहिलेली असायची, पंखा, टीव्ही, पाटावरचा रेडिओ, सगळं एकदम ओरडायचं आणि आम्ही दचकून बंद करेपर्यंत पुन्हा अंधार. पाहुणी सुचली ती अशी. एका बैठकीत लिहिलं. लाइनमन काकांचं नाव घातलं नाही, पण सात गावांत लाइनमन एकच होता.

त्यांच्याबद्दल मला तेव्हा काय माहीत होतं? खाकी शर्ट, मागच्या खिशात पक्कड, कानावर टेस्टर खोचलेला, जुनी लूना. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, उडाली की लोक त्यांना शोधायला दोन-दोन गावं फिरायचे आणि सापडले की मिरवणुकीसारखे घेऊन यायचे. आमच्याकडं यायचे तेव्हा "पानी द्या व बाई" म्हणत ओट्यावर बसायचे, दोन लोटे प्यायचे आणि गोठ्याकडं जायचे. आमची बांबूची शिडी कधी गोठ्याला टेकलेली असायची, कधी नसायची. नसली की आई म्हणायची, "शिडी गावाले गेली." पावसाळ्यात ओल्या खांबावर चढताना मी त्यांना एकदा पाहिलं होतं. खाली पंधरा-वीस माणसं माना वर करून उभी, आणि प्रत्येक जण कोणती तार धरायची ते सांगत होता. गावात तेव्हा मीटरपेक्षा तारेवर टाकलेले चोरीचे आकडे जास्त होते, रोज कोणाच्या ना कोणाच्या आकड्यापायी डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडायचा. यातलं काही मी पत्रात लिहिलं नाही. आकड्यांवर लिहिलं असतं तर गावानं मला तोरणाखाली उभं केलं असतं.

पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते हसले, पण बोजाऱ्याच्या ओळीला "हं" एवढंच म्हणाले. नाव कोणाचं टाकायचं हा प्रश्न होता. पेपरवाल्यांना पूर्ण नाव, पत्ता लागतो. माझं पाहणं सुरू होतं, आणि पेपरात टोमणे मारणारी पोरगी कोणाला सून म्हणून हवी असते? बाबा म्हणाले, "माह्या नावानं दे. तुवं अक्षर कोंबडीचे पाय, मी उतरून काढतो." मी परत हॉस्टेलला गेले. बाबांनी उतरवून, पाकिटात घालून, आबाजींच्या हातचा शिक्का मारून पाठवलं. महिन्याभरानं एस.टी.डी.वरून फोन: "आलं वो तुवं पत्र, माह्या नावानं." आमच्या हॉस्टेलवर यायची ती आवृत्ती वेगळी, तिच्यात ते नव्हतं. होळीला घरी आले तर कात्रण गावभर फिरायला गेलेलं. ते फिरलं ते फिरलंच. थोडक्यात, माझं पहिलं छापलेलं लिखाण मी छापलेलं कधी पाहिलंच नाही. पुढं दोन महिन्यांत लाइनमन काकांची बदली झाली. "पत्रामुळं का?" असं मी बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सरकारी मानूस हाय, बदली होतेच." त्यांनी माझ्याकडं न पाहता सांगितलं, हे मला आता आठवतं. आता आठवतं म्हणजे कदाचित मी ते आता घालतही असेन.

तेरवीनंतर पुण्याला परतले तरी ती अर्धवट राहिलेली ओळ डोक्यातून जाईना. गावाचा आता मोबाइलवर ग्रुप आहे. खांब वाकला की फोटो, नळ फुटला की व्हिडिओ, त्याखाली हसून रडणाऱ्या तोंडांची रांग, आणि दहा मिनिटांत कोणीतरी सुप्रभात टाकून सगळं वर ढकलतो. मध्यंतरी नव्या लाइनमनचा, तो कंत्राटी आहे, पंचविशीतला, खांबावर चढून फोनवर बोलतानाचा फोटो आला होता. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'वर नेटवर्क चांगलं आहे का साहेब?' मी हसले. हसण्याचं तोंड टाकायला बोट नेलं आणि तसंच मागं घेतलं. त्या पोराच्या हातात मोजे नव्हते.

मग पाडव्यानंतर आईला भेटायला गेले तेव्हा ठरवूनच दारव्ह्याला उतरले. काका आता तिथंच राहतात, मोतीबागेच्या बाजूला, दोन खोल्यांचं घर, वर निम्मा स्लॅब, निम्मे कवेलू. काकूंनी चहा टाकला. मी वाटेत तीन-चार वाक्यं जुळवली होती, ती एकही कामाला आली नाही. सरळच म्हटलं, "काका, ते पत्र बाबांनी नव्हतं लिहिलं. मी लिहिलं होतं."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "कायले अंगावर घेतं व पोरी?" ते म्हणाले. "मेल्या मानसाले कोन नोटीस देते आता?"

"खरंच मी लिहिलं. पाहुणीचं, चहासुद्धा घेत नाही, सगळं माझं."

"ते असंन. पन पत्र भाऊचंच हाय."

मी दिलगिरी द्यायला गेले होते आणि पाच मिनिटांत मला चक्क राग आला. वीस वर्षं ज्या पत्राचं पाप डोक्यावर घेतलं, त्याचं श्रेयही मिळेना. मी हट्टानं म्हटलं, शेवटची ओळ म्हणून दाखवू का? आणि बोजाऱ्याची ओळ म्हटली. म्हणताना आवाज खाली गेला. काका माझ्याकडं पाहत राहिले. "हे कुठं होतं?" काकूंनाही विचारलं, "हे होतं काय व?" काकू म्हणाल्या, "नाई बाप्पा." मग काका उठले, कपाटातून रेशन कार्ड, पेन्शनचे कागद ठेवलेली प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात पिवळा पडलेला फुलस्केप, त्याला गंजलेल्या टाचणीनं लावलेलं कात्रण. मथळा: 'विजेचा लपंडाव थांबवा'. मला हसू आलं. एवढी पाहुणी आणली, आणि तिच्या डोक्यावर शेवटी लपंडावच.

कात्रण बोटभर होतं. पाहुणी होती, गिरणी होती, चहा होता. बैल नव्हता. बोजाऱ्याची ओळ साफ गाळलेली, तिथून दोन वाक्यं एकमेकांना अशी चिकटलेली की मधे काही होतं असं वाटूच नये. संपादकांनी गाळली की बाबांनी उतरवताना? संपादक मंडळी कापायची ती खालून कापतात, असं आबाजी सांगायचे. आणि खाली काही कापलेलं नव्हतं, उलट वाढलेलं होतं. माझ्या पत्रात नसलेली एक ओळ. 'ता. क. लाइनमनला कोणी बोल लावू नये. त्याच्याकडं शिडी नाही, तो आमच्या घरची नेतो.'

"हे," काका त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे कोनं लिवलं?"

मी काही बोलले नाही.

"मंग? पत्र कोनाचं झालं?"

टाचणीच्या मागचा फुलस्केप म्हणजे कारणे दाखवा नोटीस होती. तिच्यात पाहुणीचा उल्लेख नव्हता, चहाचा नव्हता, गाव अंधारात असल्याचाही नव्हता. विषय: शिडी, एक नग. दप्तरी नोंदीनुसार आपणास शिडी पुरविण्यात आलेली असता ती नसल्याचे वृत्तपत्रातून निदर्शनास आले आहे, तरी सदर शिडीबाबत सात दिवसांत लेखी खुलासा करावा. बाबांनी त्यांना वाचवायला घातलेली ओळ कोणीतरी वाचली होती, अगदी लक्ष देऊन.

"मंग तुम्ही काय खुलासा दिला?" मी विचारलं. माझं पुणेरी झालेलं तोंड आपोआप इकडं वळलं.

"मी काय देतो? मी त शिडी पाह्यलीच नोती कधी. बाबू म्हने काईतरी लिव, नाईतर पगारातून कापतीन. मी लिवलं, शिडी वाळवीनं खाल्ली." काकूंनी आतूनच कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. त्यांनी हे शंभरदा ऐकलेलं असणार. "पंधरा दिवसानं दुसरं पत्र आलं. शिडी अल्युमिनियमची होती म्हने."

आम्ही दोघं किती वेळ हसलो ते माहीत नाही. शेजारचं पोरगं दारात येऊन उभं राहिलं. हसता हसता मी पदरानं डोळे पुसले आणि ते पुसणं काही लवकर संपेना. काकांनी तिकडं पाहिलं नाही. नोटीस घडी घालून, कात्रण वर ठेवून, परत पिशवीत सरकवलं. मी फोटो काढू का विचारलं तर म्हणाले, काढ, पन कोठी टाकू नको. मी काढला. इथं टाकलेला नाही.

निघताना ते फाटकापर्यंत आले. वर कवेलूंकडं पाहत म्हणाले, "भाऊची शिडी हाय काय अजून?"

"आहे. गोठ्यालाच टेकलेली आहे. दोन पायऱ्या गेल्या मधल्या."

"त्या मी बसवतो. पावसाच्या आंधी घर फेरायचं हाय. दोन दिवस नेली त चालंन काय?"

मी म्हटलं, आईला सांगून ठेवते.